लस सुरू झाली, तरी जखमेतलं इंजेक्शन कशासाठी?

बीड जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र आहे. लिहिणाऱ्या ताईंच्या इच्छेनुसार त्यांचं आणि गावाचं नाव दिलेलं नाही. त्यांचा साडेचार वर्षांचा मुलगा सोमवारी गल्लीतल्या पिल्लाशी खेळत होता. पिल्लानं उडी मारून त्याच्या गालाला चावा घेतला. ओठाच्या कडेपासून बोटभर अंतरावर दोन दात रुतले आणि थोडं रक्त आलं. सासूबाईंनी चुना-हळद लावली. संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस सुरू झाली आणि गुरुवारी दुसरा डोसही झाला. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की जखमेत द्यायचं सीरम इथं नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. त्यांनी तशी चिठ्ठीही दिली होती. सासरे म्हणायलेत, "मी लहानपणी पोटात चौदा घेतली, तेवढ्यात भागलं. आता लस चालू हाय, मग लेकराच्या तोंडात आणखी सुया कशाला?" नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी आहे. तो म्हणतो, आबा म्हणतील तसं कर. गुरुवारी ते पिल्लू उकिरड्यापाशी मरून पडलेलं दिसलं. घरच्यांचं म्हणणं, थंडीनं मेलं असंल. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: जावेच्या मुलीलाही त्याच पिल्लानं हाताला ओरबाडलं, पण रक्त नव्हतं म्हणून तिला कुठं नेलं नाही. ताई विचारतात, "सगळ्यांच्या विरोधात जाऊन लेकराला एवढ्या लांब न्यावं का? का माझीच भीती जास्त आहे?"

ताई,

तुमचा निरोप शुक्रवारी रात्री वाचला आणि मी लगेच फोन लावला. हे पत्र सदराच्या पाळीपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. तेव्हा एवढंच बोलले, की उद्या पहिल्या गाडीनं निघा, केसपेपर आणि चिठ्ठी बरोबर ठेवा आणि जावेच्या मुलीलाही घेऊन जा. तुम्ही गेलात. शनिवारी दुपारी तुमचाच फोन आला, "झालं मॅडम, लई रडलं लेकरू, पण झालं." ते ऐकून मी खुर्चीत बसले. तोवर उभीच होते.

कारणं सांगायला त्या रात्री सवड नव्हती. घरी परतल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "लस चालूच होती, मग ह्यानं जादा काय झालं?" आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही, असं तुम्ही म्हणालात. ते उत्तर आज देते. तुमच्यासाठी देते आणि असा चावा झालेल्या दुसऱ्या घरांसाठीही देते, कारण लस सुरू होते आणि सीरम राहून जातं, हे मी सत्तावीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात काम करताना फार वेळा पाहिलं.

आधी आबांबद्दल बोलू. तुम्ही पत्रात त्यांना अडाणी म्हटलेलं नाही, पण ओळींच्या आड तो राग दिसतो. मला विचाराल तर आबा अनुभवावरूनच बोलतात. त्यांच्या लहानपणी जी लस मिळायची, ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची. पोटावर रोज एक सुई, अशा चौदा. गाठी यायच्या, ताप यायचा, आणि काहींना त्या लसीमुळेच मेंदूला आणि नसांना इजा व्हायची. ती लस आपल्या देशात 2004-05 च्या सुमाराला बंद झाली. आता दंडावर, कातडीत, अगदी थोडी लस देतात: पहिल्या दिवशी, मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांवर एकेक थेंबभर. काही ठिकाणी हीच लस स्नायूत पाच वेळा देतात. पोटात कुणीच देत नाही. आबांना सुईची जी धास्ती आहे ती त्या चौदा दिवसांची आहे. नातवाला तसलं काही सोसावं लागू नये, असं त्यांना वाटणं साहजिक आहे.

त्यांचा हिशेब मात्र एका जागी चुकतो. सीरम म्हणजे पंधरावी सुई, असं ते धरतात. ते लसीचं आणखी एक इंजेक्शन नाही. त्याचं काम वेगळं, आणि ते द्यायची जागाही वेगळी.

लस शरीराला शिकवते. रेबीजच्या विषाणूला ओळख, त्याच्याशी लढणारे पदार्थ तयार कर. या पदार्थांना अँटिबॉडी म्हणतात. शरीर शिकतं, पण त्याला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. हे पेरणीसारखं आहे. बी टाकलं म्हणून दुसऱ्या दिवशी घरात ज्वारी येत नाही. ती येईपर्यंत चूल पेटायची तर कुणाकडून तरी पायली-दोन पायली उसनी आणावी लागते. सीरम म्हणजे ती उसनी ज्वारी. तयार अँटिबॉडी, बाहेरून आणलेल्या, पहिल्या क्षणापासून कामाला लागणाऱ्या. उसनं धान्य काही आठवड्यांत संपतं, म्हणून पेरणीही करावीच लागते. दोन्हीपैकी एक केलं तर भागत नाही.

आता जखमेतच का? तुमच्या लेकरासारख्या गालावरच्या चाव्यात तर हे नीट समजून घ्यायला हवं. रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. तो लाळेतून जखमेत उतरतो, काही काळ तिथल्या मांसात राहतो आणि मग जवळच्या नसेत शिरून नसेनसेनं मेंदूकडे सरकतो. एकदा नसेत शिरला की लस आणि सीरम दोन्हींच्या हाताबाहेर जातो. म्हणून त्याला दारातच, जखमेतच गाठायचं असतं. चेहऱ्यावर आणि बोटांच्या टोकांवर नसांचं जाळं दाट असतं, आणि चेहऱ्यापासून मेंदू तर हाताच्या अंतरावर. पायाला चावलेल्या माणसाला जेवढे दिवस हाताशी असतात, तेवढे गालावर चावलेल्या लेकराला असतील याचा भरवसा नाही.

दवाखान्यात काय केलं ते तुम्ही पाहिलंत, पण डोळे मिटून घेतले होते म्हणालात. म्हणून सांगते. बारीक सुईनं दाताच्या खुणेच्या कडेकडेनं थोडं थोडं औषध सोडतात. सुई पुढे जाते तसं कातडं फुगतं, पांढरं पडतं, भिजलेल्या डाळीसारखं तट्ट होतं. मग सुई काढून पलीकडच्या कडेनं. खोल खूण असेल तर तिच्या तळापर्यंत. लहान लेकराला दोघांनी धरावं लागतं. मी आईलाच डोकं धरायला सांगायची, कारण परक्या हातांत मूल जास्त घाबरतं. दोन-तीन मिनिटांचं काम, पण त्या रडण्यानं नव्या नर्सेस हळव्या व्हायच्या. काही ठिकाणी याच दयेपोटी औषध जखमेत न सोडता कमरेत देऊन मोकळे होतात. ती दया लेकराच्या कामाची नाही. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्टच सांगितलं, की औषध जखमेत आणि जखमेभोवती जेवढं मावेल तेवढं द्यावं, लांबच्या स्नायूत दिल्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून कुणी कमरेत द्यायला लागलं तर "जखमेत द्या ना डॉक्टर" असं नम्रपणे पण ठामपणे म्हणा.

आबांना ऐकवण्यासारखी एक गोष्ट आहे. 1954 साली इराणमधल्या एका गावात पिसाळलेला लांडगा शिरला आणि एका रात्रीत बऱ्याच लोकांना चावला. डोक्याला खोल जखमा झालेल्यांपैकी पाच जणांना फक्त लस मिळाली होती. त्यातले तिघं दगावले. ज्यांना लसीबरोबर सीरमही मिळालं, ते एक सोडून सगळे वाचले. तेव्हापासून जगभर मोठ्या चाव्याला ही जोडी देतात.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र इराण येत नाही. एक ऊसतोड कामगार येतो. फडावर असताना त्याच्या कपाळाला आणि भुवईला कुत्रं चावलं. तिकडेच लस सुरू झाली, तीन डोस वेळेवर झाले, कागदावर तारखा होत्या. सीरम कुणी दिलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही, कारण लस चालूच होती. तो आमच्याकडे आला तेव्हा बायको म्हणाली, दोन दिवसांपासून पाणी पीत नाही. मी स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. त्यानं पेला घेतला, ओठांपर्यंत आणला, आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या. पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं. त्यानं माझी माफी मागितली. लक्षणं दिसायला लागल्यावर या आजारातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही, हे मला माहीत होतं. तो कागद मी अजून विसरले नाही. त्यावरच्या सगळ्या तारखा बरोबर होत्या.

म्हणून तुमची भीती जास्त होती का, याचं उत्तर 'नाही' असं आहे. ती नेमकी होती.

तुमच्या पत्रातल्या आणखी काही समजुतींवर बोलते, कारण त्या आपल्याकडे घराघरांत आहेत. "पिल्लूच तर होतं." दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होतो. उलट लोक पिल्लाला हातात घेतात, त्यानं ओरबाडलं तर हसून सोडून देतात, आणि तिथंच घात होतो. "थंडीनं मेलं असंल." असेलही. पण चावलेलं जनावर दहा दिवसांत मेलं किंवा बेपत्ता झालं, तर ते पिसाळलेलंच होतं असं धरून चालायचं. ते दहा दिवस लक्ष ठेवणं कुत्र्या-मांजरापुरतंच असतं, आणि लक्ष ठेवत असतानाही उपचार थांबवायचे नसतात. "फार रक्त आलं नाही." इथं रक्त किती आलं ते कुणी मोजत नाही. कातडं फाटलं आणि रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी तो तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत गंभीर श्रेणीचा चावा. त्याला धुणं, लस आणि जखमेतलं सीरम अशी तिन्ही लागतात. उघड्या जखमेवर कुत्र्यानं चाटलं, किंवा त्याची लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तरी श्रेणी तिसरीच.

जावेच्या मुलीचं वेगळं आहे. फक्त ओरखडा, रक्त नाही, ही दुसरी श्रेणी. तिला लस पूर्ण हवी, सीरम नको. तुम्ही तिला नेलंत आणि त्याच शनिवारी तिची लस सुरू झाली, हे फार चांगलं केलंत. तुमचं सगळं पत्र मुलाबद्दल होतं, पण मला त्या एका ओळीची जास्त काळजी वाटली, कारण तिची लस सुरूच झाली नव्हती. आणि धडधाकट कातड्यावर नुसतं चाटलं किंवा हात लावला असेल, तर स्वच्छ धुणं पुरे, सुई नको.

आता त्या औषधाबद्दल, कारण नावांचा गोंधळ फार होतो. तीन प्रकार मिळतात. एक घोड्याच्या रक्तापासून काढलेलं. घोड्याला थोडी थोडी लस टोचत राहायची, त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या की त्या गाळून शुद्ध करायच्या. सरकारी दवाखान्यांत बहुधा हेच असतं. दुसरं लस घेतलेल्या माणसांच्या रक्तापासून काढलेलं. ते महाग आणि कमी मिळतं. तिसरं अलीकडचं, मोनोक्लोनल अँटिबॉडी. वरच्या दोन्हींत अनेक अँटिबॉडींची सरमिसळ असते. यात विषाणूला नेमकं पकडणारी एक किंवा दोन अँटिबॉडी निवडून कारखान्यात पेशींकडून तयार करून घेतात. ना घोडा लागतो, ना कुणाचं रक्त. असं एक औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं काढलं. दुसरं, दोन अँटिबॉडींचं, झायडस या औषध कंपनीचं आहे. ज्या सीरम इन्स्टिट्यूटचं नावच सीरम आहे, तिची सुरुवात पूनावाला कुटुंबाच्या घोड्यांच्या पैदाशीतून झाली. आज तिथूनच घोड्याविना बनणारं औषध येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डोस वजनावर ठरतो. तुमच्या लेकराचं वजन 15 किलो धरलं, तर घोड्याच्या सीरमचे 600 युनिट, माणसाच्या सीरमचे 300, आणि पुण्याच्या मोनोक्लोनलचे सुमारे 50. झायडसच्या औषधाचे पुन्हा 600. आकडा लहान म्हणजे औषध कमी ताकदीचं, असं अजिबात नाही. प्रत्येकाचं माप वेगळं आहे. जे हाताशी असेल ते वेळेत घ्यायचं. भारीतलं मिळेल म्हणून दोन दिवस थांबायचं नाही.

घोड्याच्या सीरमची रिअॅक्शन येते, अशी भीती तुमच्या सासूबाईंनी घातली होती. पूर्वीचं सीरम इतकं शुद्ध नसायचं, तेव्हा त्रास जास्त व्हायचा. आताच्या शुद्ध सीरमनं गंभीर त्रास क्वचित होतो. तरी दवाखान्यात इंजेक्शननंतर किमान अर्धा तास बसवतात, ते याचसाठी. तो अर्धा तास बसाच, बस चुकली तरी चालेल. आठवड्याभरानं अंगावर पुरळ, सांधेदुखी, ताप असं काही वाटलं तर परत दाखवा, औषधानं ते बरं होतं. आणि जाताना लेकराला काहीतरी खाऊ घालून न्या. उपाशीपोटी आणि रडून थकलेलं मूल चक्कर येऊन पडतं, मग सगळ्यांना वाटतं सीरमनंच झालं.

आता वेळेचं गणित, कारण त्यासाठीच मी तुम्हाला रात्री फोन केला. सीरम पहिल्या लसीच्या दिवशीच मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर शरीराचं स्वतःचं पीक यायला लागतं, तेव्हा उसनं आणून त्यात घोळ करायचा नसतो. तुम्ही पाचव्या दिवशी पोचलात. पण लक्षात घ्या, हे सात दिवस चाव्यापासून मोजायचे नाहीत, लसीच्या पहिल्या डोसपासून मोजायचे. कुणाला महिन्यापूर्वी चावलं आणि अजून काहीच घेतलं नसेल, तर त्याची वेळ गेलेली नाही. लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. त्यानं आज जावं आणि दोन्ही घ्यावं. उलट ज्यानं याआधी लसीचा पूर्ण कोर्स केला आहे, त्याला पुन्हा चावलं तर सीरम लागत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशीचे दोन डोस पुरतात. जुना कागद जपून ठेवा म्हणते ते म्हणूनच.

कुठं जायचं? लस बहुतेक प्राथमिक केंद्रांत असते, सीरम मात्र सगळीकडे नसतं. आपल्याकडे मराठवाड्यात संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय, लातूरचं वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयं आहेत. निघण्याआधी केंद्रातल्या डॉक्टरांनाच फोन करून आज कुठं साठा आहे ते विचारायला सांगा. नुसतं "कुत्र्याचं इंजेक्शन" म्हणू नका, तेवढ्यावर तुम्हाला लसच दाखवतील. "जखमेत द्यायचं सीरम किंवा मोनोक्लोनल" असं म्हणा. चिठ्ठीवर चाव्याची तारीख, लसीच्या तारखा आणि लेकराचं वजन लिहून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं म्हणजे हे झालं, असा समज फार घरांत आहे. ते वेगळं. सीरमची वाट पाहताना लसीची तारीख चुकवू नका. टाके घालायची घाई कुणी करत असेल, तर आधी सीरम, मग टाके, तेही अगदीच गरज असेल तर.

आणि चुना-हळद. सासूबाईंनी मायेनंच लावली, त्यांना बोलू नका. पण पुढच्या वेळेसाठी सगळ्या घराला सांगून ठेवा: चुना, मिरची, तेल, तपकीर काही नाही. नळाखाली, नाहीतर तांब्यानं धार धरून, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणानं विरघळतं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर दोन दिवसांनी येतो, घागर मोजून वापरतो, हे मला ठाऊक आहे. तरी एक घागर या कामाला खर्च करा. लगेच धुतलं नसेल तर उशिरा धुवा, पण धुवा. पथ्य कसलंच नाही. वांगं, अंडं, मटण, जे घरात असेल ते लेकरानं खावं.

शेवटी तो प्रश्न, जो तुम्ही पत्रात अर्धवट सोडलात: मी घरच्यांच्या विरोधात गेले का? मला तसं दिसत नाही. तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे गेलात, आणि चिठ्ठी घरातल्या सगळ्यांनी पाहिली होती. आबांनी थांबवलं ते नातवाला त्रास होऊ नये म्हणून, तुम्ही नेलंत ते त्याला धोका राहू नये म्हणून. तुमची परवानगी एवढाच कागद त्या इंजेक्शनला पुरेसा होता. आई म्हणून तुमची सही चालते. नवऱ्याला ट्रकवर फोन करून हे सगळं वाचून दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी "आबा म्हणतील तसं" म्हणण्याआधी तो थांबेल.

मुलाचा पुढचा डोस या सोमवारी आहे, शेवटचा अठ्ठाविसाव्या दिवशी, तोही सोमवारच. मुलीचं वेळापत्रक पाच दिवसांनी मागं आहे: मंगळवार, शनिवार आणि अठ्ठाविसाव्या दिवशीचा शनिवार. दोघांच्या तारखा एकमेकांत मिसळू देऊ नका, कॅलेंडरवर वेगळ्या रंगानं लिहा. जखम रोज बघा, लाल होऊन पू दिसला तर दाखवा. आणि सोमवारी केंद्रात जाताना आबांनाच बरोबर न्या. दंडावरची ती बारीक सुई त्यांनी एकदा बघू द्या.